सासूबाईंना स्पोर्ट्स कारमधून रोह्याला नेलं तेव्हा

स्पोर्ट्स कार घेताना मी तिच्यात बसता येतं की नाही, एवढंच पाहिलं होतं. उतरता येतं की नाही, हे बघायचं राहून गेलं.

मी दातांची डॉक्टर. घर पेणला, दवाखाना रोह्याला. चाळिशी उलटल्यावर माणसं योगासनं वगैरे सुरू करतात. मी ओळखीतल्या एकाची वापरलेली लाल गाडी घेतली. दोन दारं, दोन सीटा आणि जमिनीपासून इतकी खाली, की वडखळच्या नाक्यावर ट्रकशेजारी थांबलं की मला फक्त त्याचं चाक दिसायचं. पेट्रोल पंपावरचा माणूस आधी समोर बघायचा, मग इकडेतिकडे, मग खाली. प्रत्येक गतिरोधक मी तिरकी गाडी घालून, श्वास रोखून पार करायचे. (श्वास रोखल्यानं गाडी वर उचलली जात नाही, पण मनाला बरं वाटतं.)

सासूबाईंनी त्या गाडीकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, हिला चाकं कधी लावणार?"

नंतर त्यांनी तिच्याकडे पाहणंच सोडलं. पण नणंदेच्या मुलीचा, म्हणजे त्यांच्या नातीचा, रोह्याला साखरपुडा ठरला. सोयरीक जुळायला बराच वेळ लागला होता. मुलाकडचे अतिशय देवभोळे, शकुन-अपशकुन मानणारे. त्या सकाळी माझा नवरा मिलिंद आमची मोठी गाडी फळांच्या करंड्यांनी आणि साड्यांच्या ताटांनी गच्च भरून पुढं गेला. जाताना म्हणाला, "आईला तू घेऊन ये."

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या दाराशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, देवाचं नाव घेतलं आणि स्वतःला सोडून दिलं. आत पोचायला त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. सीट इतकी मागे कललेली की बसलेला माणूस झोपल्यासारखाच दिसतो. मांडीवर नवरानवरीच्या हारांचा पुडा होता, म्हणून त्यांची पिशवी आणि माझी पर्स, मोबाईलसकट, डिकीत गेली. थोडं पुढं गेल्यावर फुलं घुसमटतील म्हणून त्यांनी पुडा सोडला आणि दोन्ही हार अंगावर पसरले. मग दोन ट्रक शेजारून गेले. त्यांनी डोळे गच्च मिटले, छातीवर हात जोडले आणि रोह्यापर्यंत डोळे उघडायचे नाहीत असं ठरवलं.

गडबला सासूबाईंचे भाऊ, काशिनाथमामा राहतात. त्यांच्या घरासमोर एक गतिरोधक आहे. तो मी नेहमीप्रमाणे गाडी तिरकी घालून, मुंगीच्या गतीनं पार करत होते. समोरच्या दुकानदारानं गाडीत डोकावून पाहिलं. मी हसून हात केला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले. मला वाटलं, गाडीला मान देतोय. बरं वाटलं.

रोह्यात हॉलच्या फाटकात सिमेंटचा एक उंचवटा होता. मी गाडी तिरकी केली, श्वास रोखला. खालून मोठ्ठा आवाज आला आणि गाडी पोटावर बसली. पुढं जाईना, मागं येईना. चाकं नुसती फिरत होती.

"आई, उतरता का? वजन कमी झालं तर निघेल."

त्यांनी डोळे न उघडता दोनतीनदा प्रयत्न केला. "मी आता इथून काय हलत नाय," त्या म्हणाल्या. "मंदाला सांग, माझ्यासाठी जेवण थांबवू नको."

मंदा म्हणजे माझी नणंद. मी कशीबशी बाहेर पडून हॉलमध्ये गेले. आत सनई बंद होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यात मुलाचे काका आणि आणखी एक गृहस्थ दबक्या आवाजात बोलत होते. "आईची आई म्हणजे तीन दिवस तरी धरायलाच हवेत." "ते मुलीकडच्यांना. आपल्याला नाय." मला वाटलं, लग्नाला किती दिवस आधी यायचं याची चर्चा चाललीय.

मिलिंद समोर आला. त्याचा चेहरा पांढराफटक. मी पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हटलं, "आईंना बाहेर काढायला चार माणसं लागतील."

मिलिंद खुर्चीवर बसला. तिथं खुर्ची नव्हती, तरी बसला.

"कधी झालं?" मंदाताईंनी विचारलं.

"आत्ताच. फाटकात."

"त्रास झाला का गो तिला?"

"मोठा आवाज आला, मग एकदम सगळं थंड."

"काय बोलली शेवटी?"

"म्हणाल्या, मी आता हलत नाय. तुमच्यासाठी निरोप आहे, जेवण थांबवू नका."

मंदाताईंनी जो हंबरडा फोडला तो मी आजवर दवाखान्यातसुद्धा ऐकलेला नाही. पाठोपाठ नवरी मुलगी रडायला लागली. मला काही कळेना. गाडी अडकली म्हणून इतकं रडणारं घराणं हे नाही.

"अहो ताई, एवढं काय मनाला लावून घेता?" मी म्हटलं. "पाच मिनिटांत उरकेल. मग साखरपुडा करू."

मुलाच्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर सारखा केला.

चार माणसं मान खाली घालून बाहेर निघाली. मागून सगळा हॉल. त्याच वेळी फाटकाशी एक टेम्पो थांबला. त्यातून गडबची आठदहा माणसं उतरली आणि पुढं काशिनाथमामा, "अक्का गो, अक्का" करत. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, सून सासूला हार घालून घेऊन गेली. मामांनी तिथूनच मंदाताईंना फोन केला होता आणि मला त्यांचे किती फोन येऊन गेले ते माझ्या डिकीतल्या पर्सलाच माहीत.

एवढ्या गलक्यानं सासूबाईंनी डोळे उघडले. काचेपलीकडं सगळं खानदान रडत होतं. त्यांनाही भरून आलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

चार माणसांपैकी दोघं मागं सरकली.

"अरे काशिनाथ, कोण गेलं ते सांग ना. वयनी गेली काय?"

मामांनी गुडघ्यावर बसून त्यांचा चेहरा नीट पाहिला. "तू गेली व्हतीस, अक्का."

"मी कुठं जातेय? मला उतरता येत नाय," सासूबाई म्हणाल्या. "ते हार घ्या आधी, अंग सगळं ओलं झालं."

मग त्यांना काढायला चार नाही, सहा माणसं लागली. त्या बाहेर आल्या आणि इतका वेळ हट्टाला पेटलेली गाडी हलकी होऊन वर उचलली गेली, उंचवट्यावरून घरंगळली आणि ऐटीत मांडवाच्या कमानीखाली जाऊन थांबली. (हँडब्रेक ओढायचा असतो हे मला माहीत आहे. अडकलेल्या गाडीला कोण ओढतं?)

मुलाच्या काकांनी बराच विचार केला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मंदाताईंचा हात माझ्या दंडावर होता आणि चांगलाच रुतत होता. शेवटी काका म्हणाले, "आजी परत आली, याच्याहून मोठा शकुन कुठला? लावा सनई." मी तेव्हा पहिल्यांदा सरळ श्वास घेतला. साखरपुडा झाला. नवरानवरीनं माझ्या गाडीसमोर फोटोही काढले.

सासूबाई परतताना अर्थातच मिलिंदबरोबर मोठ्या गाडीत बसल्या. ते लोक चहासाठी मागं राहिले, मी एकटीच पुढं निघाले. पैठणी, केसांत गजरा, गाडीत गाणी लावलेली.

गडबहून निघालेली बातमी रोह्याला आली होती, हे मला ठाऊक होतं. ती पेणलाही गेली असेल, हे काही डोक्यात आलं नाही. आमच्या ओट्यावर आळीतल्या बायका साध्या साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मी घाईनं गाणं बंद केलं, दार उघडलं, खुलासा करावा म्हणून झटक्यात उठायला गेले आणि कंबरेत अशी काही कळ आली की मी हातांवर आणि गुडघ्यांवर अंगणात उतरले.

शेजारच्या काकू धावत आल्या. मला पोटाशी धरून म्हणाल्या, "सावर गो, सावर. तुझ्यासारखी तूच."

मला बोलता येईना. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

सासूबाई थोड्या वेळानं आल्या, तेव्हा सगळा उलगडा झाला. पण ते रडणं आळीनं पाहिलं ते पाहिलं. सासूवर जीव असलेली सून म्हणून आजही माझंच नाव घेतात आणि सासूबाई स्वतः पाहुण्यांना ते कौतुकानं सांगतात. रडले ते कंबरेमुळं, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरलासुद्धा पाठदुखी सासूबाईंना गाडीतून उचलल्यामुळेच आहे असं सांगितलंय.