डाळीनं ठरवलेलं घर

घर कसं निवडावं याबद्दल जगात अनेक मतं असतील. आमच्या घरात एकच होतं, आणि ते माझ्या सासऱ्यांचं होतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजते तिथं राहायचं, बाकीचं मागाहून बघता येतं.

यांची बदली श्रीरामपूरला झाली ती मोठ्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात. हे पाटबंधारे खात्यात कारकून. तोवर आम्ही पाथर्डीकडच्या आमच्या गावीच राहत होतो. घरात चौघं: मामंजी, हे, मी आणि आमची दहा वर्षांची मुलगी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नुकतीच चौथी पास झाली होती, तीही पहिल्या नंबरानं, आणि गावातली शाळा चौथीवर संपत होती. म्हणून बदलीचा हुकूम आला तेव्हा आनंद झाला तो मला एकटीला. हे नव्या साहेबाच्या काळजीत होते आणि मामंजी पाण्याच्या.

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं, हे आता म्हणते. तेव्हा म्हटलं नसतं. आमच्या गावच्या आडाचं पाणी इतकं जड की सकाळी चढवलेली डाळ दुपारी खाली उतरवली तरी दाणा न् दाणा वेगळा. मामंजींचं पोट त्या डाळीनं कायमचं बिघडलेलं. "जलमभर कच्ची डाळ खाल्ली," ते म्हणायचे. "आता म्हातारपनी तरी शिजल्याली खाऊ द्या."

श्रीरामपुरात सगळे पत्ते वॉर्डाच्या नंबरावर चालतात. आम्ही पाहिलेल्या घरांचे नंबर मी सांगणार नाही, कारण तिथली माणसं आपल्या वॉर्डाच्या पाण्यावरून अजूनही भांडायला येतील. तीन घरं होती एवढं पुरे. एक स्टेशनाजवळ, यांच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. दुसरं मुलींच्या शाळेला लागून, इतकं की घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची. तिसरं रेल्वेलाइनीच्या पलीकडे, कॅनॉलच्या बाजूला, वस्ती विरळ, अंगणात विहीर. तिथून शाळेत जायचं तर रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे. आणि यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं की पोर एकटी फाटक ओलांडणार नाही. तिसरं घर ठरलं तर शाळा बंद. इतका सरळ हिशोब होता, आणि तो माझ्याशिवाय कुणी मांडत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की. कसं बोलणार? आमच्यात सुनेनं सासऱ्यासमोर घरादाराच्या गोष्टीत तोंड उघडायची रीत नव्हती. जे सांगायचं ते नवऱ्याच्या कानात सांगायचं आणि नवऱ्यानं ते बापाला सांगायचं. माझ्या नवऱ्याच्या कानात गेलेली गोष्ट तिथंच मुक्कामाला राहायची. चार दिवस मी सांगत होते आणि चार दिवस हे "बघू" म्हणत होते. त्या "बघू"नं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

राहायला यांच्या एका सहकाऱ्याच्या घरची मागची खोली मिळाली होती. सामान दोरखंडानं बांधलेलं तसंच पडलं होतं. लोटा हवा असला की गाठोडं सोडा, पुन्हा बांधा. शाळेचे प्रवेश चार दिवसांत बंद होणार होते. आणि अशा वेळी मामंजी तिन्ही घरांच्या विहिरींचं पाणी तीन बाटल्यांत भरून घेऊन आले. बाटल्यांच्या गळ्याला दोरे बांधलेले. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"उद्या डाळ लावायची," त्यांनी सांगितलं. "एकच पातेलं, एकच चूल, लाकडं मोजून. डाळ आपल्या रानातली, मूठभर."

पाण्याच्या खात्यात नोकरी करणारा मुलगा समोर बसलेला असताना! मला वाटलं, आता तरी हे बापाला म्हणतील की हा काय पोरखेळ. हे म्हणाले, "चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तीन दगडांची चूल मांडली. मामंजी बाजेवर बसले, नजर पातेल्यावर. मी डोक्यावरचा पदर सावरत धूर खात होते. पहिली बाटली स्टेशनाकडच्या घराची. पाणी ओतलं, डाळ टाकली, आणि अर्ध्या तासात डाळ गळून पिठलं झालं. मी बघतच राहिले. स्टेशनाकडचं पाणी खारट आहे असं शेजारची बाई कालच सांगत होती. मामंजींनी वाटीत थोडी काढून बाजूला ठेवली आणि पातेलं घासायला स्वतः उठले.

शाळेजवळच्या विहिरीचं पाणी मी प्यायले होते. बरं होतं, पण असं जादूचं नव्हतं. मी आत गेले आणि यजमानीणबाईंच्या फळीवरून खायच्या सोड्याची पुडी काढली. ती आधीच कुणीतरी फोडलेली होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दोन चिमट्या पदरात घेतल्या आणि मामंजी पातेलं घेऊन येईपर्यंत दुसऱ्या बाटलीत सोडल्या. पोरीसाठी केलं, असं मनाशी म्हटलं, आणि बाटली हलवली.

ती डाळ वीस मिनिटांत फेसाळून वर आली. रंग हळद न घालताच लालसर पिवळा.

तिसरी बाटली फाटकापलीकडची. तिच्यात कुणी काही टाकलं नव्हतं. तिला तासभर लागला, आणि तासाभरानं डाळ शिजली. मऊ, नीट, सरळमार्गी.

मामंजींनी तीन वाट्या ओळीत मांडल्या. हे कचेरीला जायचं सोडून दारात घुटमळत होते. मामंजींनी पहिल्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. "ह्यात सोडा हाय." दुसऱ्या वाटीतलं चाखलं. "ह्यात त्येच्यापरीस जास्ती." तिसरी वाटी त्यांनी मीठसुद्धा न घालता संपवली.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी लगेच चपला शोधायला सुरुवात केली. पुडी कुणी फोडली होती ते तेव्हा कळलं. दुपारी जेवायला घरी येऊन घटकाभर पडता यावं म्हणून या गृहस्थांनी भल्या पहाटे स्टेशनाच्या बाटलीत सोडा घातला होता! माझं सांगणं बापाच्या कानावर घालायला चार दिवसांत धीर झाला नाही, आणि सोडा घालायला मात्र झाला.

"तिसरं घर ठरलं," मामंजी म्हणाले.

आणि मग माझा तोल गेला. पदर होता का डोक्यावर, आठवत नाही. "मामंजी, दुसऱ्या बाटलीत मी सोडा घातला," मी म्हटलं. "शाळा जवळ आहे म्हणून घातला. तिसऱ्या घरातून पोर फाटक ओलांडून जाणार नाही असं तुमच्या मुलानं ठरवलंय. तिची शाळा बुडेल. पहिल्या नंबरानं पास झालेली पोर घरी बसेल. तुम्हाला डाळीचं पडलंय, यांना झोपेचं पडलंय, त्या पोरीचं कुणाला पडलंय ते सांगा."

मुलगी गाठोड्यावर बसून पाय हलवत होती, ती थांबली. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याशी सरळ बोललेलं हे पहिलंच लांब वाक्य असावं.

"येवढंच व्हय?" ते म्हणाले. "मंग आधी बोलायचं. सोडा कशाला नासला? फाटक म्या बघतो. नेतो बी म्याच आन् आनतो बी म्याच."

झालं. घर तिसरंच घेतलं. म्हणजे मी भांडून पोरीची शाळा मिळवली आणि मामंजींनी न भांडता डाळ मिळवली. यांना मिळाली रोज दोन मैल सायकल, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

पण माझा वैताग संपला नाही, उलट सुरूच झाला. त्या फाटकाशी मालगाड्यांचे डबे पुढेमागे करायचे. एकदा दांडी खाली आली की पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. सगळं गाव सायकली तिरप्या करून दांडीखालून निघून जायचं. मामंजी जायचे नाहीत. अकराची शाळा, पण ही दोघं दहालाच घराबाहेर. साडेनऊला जेवण तयार पाहिजे. संध्याकाळी पाचला सुटलेली पोर सहाला घरी. "इतका वेळ काय करता तिथं?" विचारलं की मामंजी म्हणायचे, "फाटक बंद हुतं." पोरगी खाली बघून हसायची. माझा जीव टांगणीला आणि ही दोघं मजेत.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. अंगणातली विहीर माघापर्यंत तळाला गेली, मग चिखल राहिला, मग तोही वाळला. ज्या पाण्यासाठी घर घेतलं ते पाणीच उरलं नाही. तिन्ही वॉर्डांतल्या बायका एकाच नळावर हंड्यांची रांग लावायला लागल्या, आणि त्या नळाच्या पाण्यात कुणाचीच डाळ धड शिजेना. अशात कळलं की शाळेजवळचं ते घर पुन्हा रिकामं झालंय.

आता बोलायला मला कुणाच्या कानाची गरज नव्हती. "मामंजी, आता तरी बदलू," मी म्हटलं. ते म्हणाले, इथली हवा चांगली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शेजार चांगला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, दारातल्या लिंबाची सावली चांगली. आठ दिवस हे चाललं. एका माणसानं किती हट्ट करावा! एका संध्याकाळी सव्वापाच वाजून गेले, तसा मी नळावरचा हंडा तिथंच सोडला आणि तरातरा फाटकाकडे निघाले. म्हटलं, चारचौघांत विचारते, म्हणजे उत्तर द्यावंच लागेल.

दांडी खाली होती. पलीकडे सायकली, एक टांगा, दोन बैलगाड्या. मी वाकून दांडीखालून गेले, लाइन ओलांडली. फाटकवाल्याच्या केबिनच्या भिंतीला टेकून मामंजी बसले होते. मांडीवर पुस्तक उघडं, एक बोट ओळीखाली. शेजारी माझी मुलगी त्यांची काठी हातात घेऊन मास्तरणीसारखी उभी. मामंजी मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत वाचत होते. अडले की ती काठी जमिनीवर आपटायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. जन्मभर ज्यांनी कागदावर अंगठाच उठवला, ते मामंजी. टांगेवाला ऐकत होता, पण त्यांना त्याची लाज नव्हती.

लाज वाटली ती मला बघून. पुस्तक मिटलं, पण बोट पानात तसंच ठेवलं.

"मामंजी, घराचं काय?" मी विचारलं. आवाजात जोर आणायचा होता, तो आला नाही.

"ह्या फाटकापाशीच वेळ गावतो, सूनबाई," ते म्हणाले. "आत्ताशी दुसरीचं पुस्तक लागलंय. घर बदललं तर माझी शाळा बुडंल."

तेवढ्यात दांडी वर गेली आणि सायकली निघाल्या. मी म्हटलं, "बसा, पान पुरं करा," आणि हंडा बघायला नळाकडे परत फिरले.