वकीलबाई बोलेनात

त्या चौकशीची आठवण झाली की आजही मला आधी हसू फुटतं. पोलीस खात्यात इतकी वर्षं काढली, पण हसत हसत बंद केलेली फाईल ही एवढीच. नावं सांगणार नाही. मंडळी अजून चेन्नईतच आहेत, आणि सुखात आहेत.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. नुंगंबाक्कमच्या एका कंपनीचे मालक तक्रार घेऊन ठाण्यात आले. एक लहान कारखाना विकत घ्यायचं त्यांचं ठरलं होतं. त्यांच्या बाजूनं किंमत फक्त दोघांना ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांच्या कंपनीची पगारी वकील. सही व्हायच्या तोंडावर एका स्पर्धक कंपनीनं नेमकी थोडीशी चढी बोली लावली.

"मी बोललो नाही, म्हणजे ती बोलली," मालक म्हणाले. "गुन्हा नोंदवा."

"आधी प्राथमिक चौकशी, मग गुन्हा," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. ती वकील स्पर्धक कंपनीच्या वकीलबाईबरोबर अण्णा नगरात कॉफी पिताना दिसली होती, म्हणे. मालकांना तेवढं पुरे होतं. त्यांनी तिचं काही ऐकून न घेता तिला घरी बसवलं. गुन्हा नोंदला असता तर नोकरी तर गेलीच असती, शिवाय दुसरी कुठली कंपनी तिला दारात उभी करणार होती?

मी तिला बोलावून घेतलं. पोरगी सोलापूरकडची, वडील इथं रेल्वेत. मी तंजावरची मराठी. आमच्या घरातली बोली ऐकून महाराष्ट्रातले लोक गालात हसतात, म्हणून मी तिच्याशी जपून बोलायला लागले. तरी तिला हसू आलंच.

"मॅडम, तुम्ही अगदी पोथीतल्यासारखं बोलता."

"आणि तू खटल्यातल्यासारखं गप्प बसतेस. त्या मैत्रिणीला काय सांगितलंस?"

"तिच्या सासूबद्दल ऐकत होते. आम्ही एका वर्गातल्या. भेटलो की कामाचा विषय काढायचा नाही, हा आमचा नियम आहे."

मैत्रिणीकडे वेगळी चौकशी केली. तिनंही सासूचंच सांगितलं, आणि इतकं सविस्तर सांगितलं की मलाच तिला थांबवावं लागलं. दोघींचं बोलणं तंतोतंत जुळलं.

मग मी मालकांच्या वकीलबाईला मुद्द्याचं विचारलं. "किंमत आणखी कोणाला माहीत होती?"

इथं तिनं तोंड मिटलं. "त्याबद्दल माझं आणि सरांचं बोलणं झालंय. ते मी त्यांची कायदा-सल्लागार म्हणून ऐकलं. सांगता येणार नाही."

"पोरी, तू पगारी वकील. कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचं जे संरक्षण असतं, ते तुला तसंच्या तसं मिळत नाही. हा वाद पार वरच्या कोर्टापर्यंत गेलाय."

"माहीत आहे मॅडम. पण कायदा मला सांभाळत नाही म्हणून मी अशिलाला सांभाळायचं सोडू का?"

माझी हेड कॉन्स्टेबल हळूच म्हणाली, "अय्यो, जो हिला अडकवतोय त्यालाच ही वाचवतेय!"

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. बोलणं ज्याचं, परवानगीही त्याचीच. म्हणजे मालकांनीच "बोल" म्हटलं तर गाठ सुटणार होती. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी कंपनीत गेले.

"सर, हिला मोकळेपणानं बोलायची परवानगी द्या."

मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "देतो. पण आत्ता राहुकाळ आहे. संपू दे."

त्यांनी कॉफी मागवली. मी याच गावची, मला त्यात नवल वाटलं नाही. पण कॉफीचा घोट घेताना विचार आला की नुसतं "हो" म्हणायला जो माणूस वेळ बघतो, त्यानं कारखाना घ्यायचा दिवस कोणाला न विचारता ठरवला असेल का?

"सर, सहीचा दिवस कोणी काढून दिला?"

"आमच्या जोसियरनी. वडिलांपासून तेच आमची पत्रिका बघतात."

"त्यांना फक्त दिवसच विचारलात?"

"दिवस, आणि किमतीचा आकडा शुभ आहे का ते. अंकांची बेरीज चांगली यायला नको का?" एवढं बोलून ते थबकले. कप हातातच राहिला.

"ठाण्यात तर दोघांनाच ठाऊक म्हणालात."

"जोसियर म्हणजे काय तिसरा माणूस झाला का, मॅडम?"

जोसियर मैलापूरला राहायचे. प्रसन्न म्हातारे. मी विचारलं तसं त्यांनी काहीही न लपवता सांगितलं, "तो चढी बोली लावणारा शेठही माझ्याकडेच येतो. मी त्याला म्हटलं, या आकड्यापेक्षा थोडा वरचा आकडा तुझ्या राशीला जास्त चांगला." दोन्ही यजमानांचं भलं केलं, याचा त्यांना केवढा आनंद!

परत आले तोवर राहुकाळ संपला होता. मालक तिला म्हणाले, "बोल बाई आता."

"मी तुम्हाला सांगितलं होतं सर, किंमत बाहेर दाखवू नका. तुम्ही म्हणालात, जोसियर बाहेरचे नाहीत."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"पोलिसांसमोर स्वतःला सोडवणं माझं काम नव्हतं. तुमचं गुपित राखणं होतं."

मालक उठले, दार उघडलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी. हिची काही नाही." बाहेर कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवू लागले. वकीलबाई रडत होती आणि हसतही होती. माझ्या हेड कॉन्स्टेबलचंही तेच चाललं होतं.

कारखाना शेवटी त्यांनाच मिळाला. विकणाऱ्याला ही सगळी हकीकत कळली, आणि ज्या कंपनीचा वकील असा असतो तिच्याशीच व्यवहार करायचा, असं त्यानं ठरवलं.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. "कोणालाच सांगितलं नाही" असं माणूस म्हणतो तेव्हा तो घरचा वैद्य, जोसियर, मेहुणा यांना मोजत नाही. ते त्याला स्वतःचेच वाटतात. आणि गप्प बसलेला माणूस समोर आला की "काय लपवतोस?" असं विचारायचं मी सोडून दिलं. राहिलेल्या दिवसांत मी एवढंच विचारत असे, "कोणासाठी गप्प आहेस, बाळ?"