बुजवलेला चर

पालीत राजगडाच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला धोंडाबाईचं घर आहे. घराच्या मागं सरळ डोंगर. आषाढात वरचं सगळं पाणी मागच्या भिंतीवर चालून येतं, म्हणून तिथं गुडघाभर खोल चर होता, पाणी अडवून बाजूच्या ओढ्यात सोडणारा. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं दर वैशाखात धोंडाबाई तो एकटी उपसायची. टिकावानं गाळ मोकळा करायची, घमेल्यानं वर टाकायची आणि शेवटी कळशीभर पाणी ओतून ते नीट वाहतंय का बघायची. भिंत दगडमातीची. पायात ओल शिरली की अशी भिंत बाहेरून बरी दिसते आणि आतून फुगते.

चराच्या वरची जागा धाकट्या दिराची, आनंदरावाची. सासू वारली तेव्हा तो सात वर्षांचा होता. धोंडाबाईनंच त्याला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. गडावर येणाऱ्यांची गर्दी वाढली तशी त्यानं जेवणाची आणि मुक्कामाची सोय काढली. गाड्या लावायला जागा पुरेना, तेव्हा त्यानं चर बुजवायचं ठरवलं.

"आनंदा, मग पाणी कुठनं जायाचं?"

"खालनं मोठा पाइप टाकतो की, वैनी. तुमाला आता उपसायचं कामच न्हाई. भैरवनाथाची आण."

लेकीच्या, अश्विनीच्या बाळंतपणासाठी धोंडाबाई महिनाभर भोरला गेली. परत आली तर चराच्या जागी मुरूम दाबून सपाट केलेला, आणि दोन्ही टोकांना काळ्या पाइपाची तोंडं बाहेर आलेली. तिला बरं वाटलं. त्या साली तिनं टिकाव हातात धरला नाही.

जुलैत भाताच्या कणगीखालची जमीन ओली झाली. तिनं कणगीमागच्या भिंतीला तळवा लावला. भिंत गार आणि मऊ लागली. आनंदरावाला सांगितलं तर तो म्हणाला, "जुनं घर हाय वैनी, पावसाळ्यात ओल यायचीच."

चार दिवसांनी शेळ्या घेऊन ती ओढ्याकाठी गेली. पाऊस नुसता कोसळत होता, आणि ओढ्याकडच्या पाइपाच्या तोंडातून थेंबसुद्धा येत नव्हता. तिनं हातातली काठी आत घातली. हातभर गेली आणि दगडाला अडली. वरच्या टोकाला जाऊन पाहिलं, तिथंही तेच. मधे पाइप नव्हताच. तिला दिसावेत म्हणून दोन तुकडे पुरले होते.

ती घरी आली, कणगीतलं भात पोत्यांत भरून पुढच्या सोप्यात ओढलं, शेळ्या बाहेर बांधल्या. तासाभरात मागची भिंत बसली.

मग ती टिकाव घेऊन वर गेली आणि मुरूम फोडायला लागली. आनंदराव छत्री घेऊन धावत आला.

"वैनी, गाड्या लावल्यात हितं! काय करताय?"

"भिंत पडली माजी. पाइप कुठं हाय, दाव."

"पुढच्या साली टाकणारच हुतो."

"आन भैरवनाथाची आण?"

तो छत्री सावरत गाड्यांकडं वळला. मागं दारात त्याची बायको साधना उभी होती. "मला म्हाईत हुतं, जाऊबाई," ती हळूच म्हणाली. "म्या बोलायला पायजे हुतं." धोंडाबाईला ते आनंदरावाच्या खोट्या आणेपेक्षा जास्त लागलं. तिनं टिकाव पुन्हा उचलला. संध्याकाळपर्यंत खणत राहिली. गाडीवाल्यांनी आपापल्या गाड्या काढून घेतल्या. चर मोकळा झाला तेव्हा पाणी लालभडक होऊन ओढ्याकडं धावलं.

आनंदरावानं सिमेंटची चार पोती आणून तिच्या अंगणात ठेवली. तिनं ती आत घेतली नाहीत. पावसात भिजून ती तिथंच दगड झाली. भिंत तिनं दिवाळीआधी शेजाऱ्यांच्या मदतीनं उभी केली.

आता दीर वाटेत भेटला तर ती बोलते, शेळ्यांचं, पावसाचं. पण आनंदराव म्हणाला की एसटी गेली, तरी ती रस्त्यापर्यंत जाऊन स्वतः बघून येते.