ग्रहणातलं अन्न

"अगं, हे ग्रहणातलं आहे. आम्हाला चालत नाही. तू घेऊन जा, तुम्हाला चालतं."

मुलुंडच्या टॉवरमधल्या वहिनी. त्यांच्याकडे मी भांडी-लादी करायचे. रात्री चंद्रग्रहण झालं होतं. दुधावर, तुपावर तुळशीपत्र ठेवलेलं, ते शुद्ध राहिलं. छोले-पुऱ्यांवर ठेवायला वहिनी विसरल्या, म्हणून ते माझ्या वाट्याला. पातेलं माझ्या डब्याला लागू न देता त्यांनी वरून ओतलं. थोडं माझ्या मनगटावर सांडलं.

मी घेतलं. हात आपोआप पुढे गेला. दर ग्रहणाला जायचा.

याच वहिनी महिला मंडळात भाषण करतात. माणसानं आधी स्वतः बदलावं, मग समाज बदलतो म्हणे. खुर्च्या मी मांडायचे.

माझी आजी गावात ग्रहण सुटलं की टोपली घेऊन दारोदार ओरडायची, "दे दान, सुटे गिराण!" आमच्या जातीच्या माथी मारलेलं काम. ते नको म्हणून आई मुंबईला आली, भांडुपच्या डोंगरावर झोपडं बांधलं. आणि मी काय केलं? लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर जाऊन तेच दान आणलं.

घरी पोरीनं डबा उघडला. आठवीत आहे. घास हातात घेऊन म्हणाली, "आई, त्यांच्याकडे हे नासलं, मग आपल्याकडे येऊन चांगलं कसं झालं गं?"

छोले चांगलेच होते. मला किळस आली ती माझ्या हाताची. पोरीच्या हातातला घास काढून घेतला आणि पिठलं टाकलं.

दुसऱ्या दिवशी डबा तसाच नेऊन वहिनींच्या ओट्यावर उघडला. आता खरंच आंबलं होतं.

"वहिनी, आमच्याकडेपण चालत नाही."

त्यांनी नाकाला ओढणी लावली. "माज आलाय तुला. किती बदललीस गं!"

"तुम्हीच सांगता ना, आधी स्वतः बदलावं."

"उद्यापासून येऊ नकोस."

नाही गेले. एक घर सुटलं, ओढाताण होते. होऊ दे.

त्या टॉवरमध्ये माझ्यासारख्या कितीतरी बायका कामाला जातात. प्रत्येकीच्या पिशवीत रिकामा डबा असतो. पुढचं ग्रहण सुटलं की सकाळीच मी गेटवर उभी राहणार. वॉचमन हाकलेल, तरी हलणार नाही. एकेकीला अडवून सांगणार, बाई, आज डबा उघडायचा नाही.