सहीखालचा अंगठा

ये गं पोरी, हा कागद घे आणि अशी जवळ बस, मी समोर आहे असं समजून. तू आलीस की तुझा फोन वाजतो, म्हणून लिहूनच ठेवते. परवा गाडीतून जाताना रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्या बायका झाडाखाली टेकलेल्या दिसल्या, आणि तू पटकन म्हणालीस, "मजा आहे यांची, बसायचा पगार." माझ्या सख्ख्या बहिणीची नात तू, म्हणून चारचौघांत बोलले नाही. पण असं बोलू नये गं. त्या झाडाखाली मी टेकलेय. किती वेळ टेकायला मिळतं ते मला विचार.

आमचं गाव कळवणकडचं. यांना अंबडच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही नाशकात आलो, एक खोली भाड्याने घेतली. तीन-चार वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. यांना पुन्हा धड काम मिळेना, मग मी सरकारी बांधकाम खात्याच्या रस्त्याच्या टोळीत मजुरीला लागले. सकाळी टेम्पो आम्हाला लासलगावच्या रस्त्यावर नेऊन सोडायचा. खड्डे भरायचे, रस्त्याच्या कडा मुरूम टाकून चोपायच्या, उन्हाळ्यात डांबर. काम रोजंदारीचं. आलात तर हजेरी, म्हणजे त्या दिवसाची मजुरी, नाही आलात तर मस्टरवर खाडा. खाड्याचा पैसा नाही.

त्या हजेरीत घर कसं चालायचं ते ऐक. बाजाराला कांदा नेणाऱ्या ट्रॅक्टरला गचका बसला की चार कांदे खाली पडायचे. आमच्या खड्ड्यापाशीच पडायचे. माझी सोबतीण, माझ्या शेजारीच राहणारी, म्हणायची, "बये, हा खड्डा आज बुजवू नको, संध्याकाळची भाजी हाय यात." दोघी हसायचो आणि पदरात कांदे गोळा करायचो. मग एका वर्षी कांदा असा महागला की दिवसाच्या हजेरीत जेमतेम किलोभर आला असता. त्या वर्षी ट्रॅक्टरवाले वरून जाळी बांधून न्यायला लागले. एक कांदा पडेना. खड्डा आम्ही गुपचूप बुजवला. रॉकेल वाढलं, भाडं वाढलं, हजेरी तेवढीच.

आता अक्षरांचं सांगते. मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. कडेचे किलोमीटरचे दगड दरवर्षी रंगवायचे असतात. आधी पांढरा चुना, मग काळ्या रंगाने जुनी अक्षरं गिरवायची. ते काम माझ्याकडे आलं. गिरवता गिरवता मी लेकीला विचारायची, हे कोणतं, ते कोणतं. माझ्या नावातलं एक अक्षर मला लासलगावच्या दगडावर सापडलं, एक कळवणच्या. उरलेलं लेकीने पाटीवर दाखवलं. सहा महिन्यांत नाव लिहायला आलं.

पगाराच्या दिवशी आम्ही सगळ्या मस्टरवर डावा अंगठा उठवायचो. शेजारी कारकून बारीक अक्षरात लिहायचा, "नि. डा. हा. अं." म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्या महिन्यात मी म्हटलं, "मी सही करते."

मुकादम खो खो हसला. "घ्या, पंडितीणबाई आल्या!"

कारकुनाने मला सही करू दिली, पण वर म्हणाला, "ही तुझीच कशावरून? खाली अंगठाही दे." मला असा राग आला! सगळ्यांनी अंगठा दिला आणि सुटल्या, मला मात्र दोन्ही. रागारागात अंगठा दाबला. पुढच्या महिन्यापासून नुसती सही.

त्याच उन्हाळ्यात डांबर ओतताना झारी कलंडली आणि उकळतं डांबर माझ्या डाव्या अंगठ्यावर पडलं. कातडी डांबराबरोबर सोलून निघाली. अकरा दिवस घरी होते. मुकादमाने वर काही कळवलं नाही. कामावर भाजलं म्हटलं की त्याला विचारणा झाली असती. त्याने अकरा खाडे मांडले. अंगठा बरा झाला, पण वरच्या रेषा गेल्या त्या गेल्या. हा बघ, अजून काचेसारखा गुळगुळीत आहे.

पुढे काही वर्षांनी निरोप आला की जुन्या मजुरांना कायम करणार, महिन्याचा पगार, महागाई भत्ता, सगळं. अट एकच, इतकी वर्षं मस्टरवर सलग नाव पाहिजे. खोलीमालकाने भाडं वाढवलं होतं, जमत नसेल तर पुढच्या महिन्यात खोली सोडा म्हणाला होता. खोली सोडायची म्हणजे गावाकडे जायचं. लेक दहावीला होती. माझं नाव लागलं तर ती शाळेत राहणार, नाही तर नाही.

पडताळणीला ऑफिसात बोलावलं. माझी सोबतीण आधी आत गेली, अंगठा दिला, जुन्याशी जुळला, पाच मिनिटांत बाहेर. मग मी. साहेबांनी दर वर्षातलं एकेक मस्टर काढून ठेवलं होतं, ती उलटली, परत उलटली.

"आधीच्या वर्षांत अंगठा, नंतर सही. हे कसं?"

"शिकले साहेब."

"अंगठा द्या इथे."

मी दिला. कागदावर नुसता निळा डाग उठला. साहेबांनी चष्मा वर केला. "अंगठेवाली बाई वेगळी आणि सहीवाली वेगळी. ती काम सोडून गेली, तिच्या नावावर तुम्ही उभ्या राहिलात. असली प्रकरणं मी पाहिलीत. गुन्हा दाखल होतो यात."

भाजल्याचं सांगितलं तर ते म्हणाले, मस्टरवर कुठे आहे? मुकादम दारात उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "हीच का ती पहिल्यापासूनची?"

तो माझ्याकडे बघेना. "साहेब, टोळीत बायका लय. मला काय ध्यान नाय."

इतकी वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस गं.

साहेब म्हणाले, पाचला यादी बंद होणार, पुरावा असेल तर आणा. तेव्हा तीन वाजले होते. पुरावा कुठला आणू? आणि एकदम आठवलं, तो राग. एकाच पानावर सही आणि खाली अंगठा! भाजायच्या आधीचा, रेषांसकट!

बाकीची जुनी मस्टरं मागच्या खोलीत होती, लाल फडक्यांत बांधलेली, छतापर्यंत. शिपाई म्हणाला, "आज शोधायला माणूस नाय बाई. आणि तुम्हाला काय वाचता येणार?"

"तू दार उघड," मी म्हटलं.

गठ्ठ्यांवर रस्त्यांची नावं होती. माझीच ती नावं, दगडादगडावर गिरवलेली. सोबतीण गाठी सोडायची, मी वाचायची. धूळ डोळ्यांत, कसर लागलेल्या कागदांचा भुगा हातात. एक पान नुसतं उचललं तर तीन तुकडे झाले, पण ते दुसऱ्या टोळीचं निघालं. चार वाजले. सव्वाचार. सोबतीण पुटपुटली, "मी अडाणीच बरी बाई. माझा अंगठा एका दमात पास." मी तिच्यावर खेकसले, आणि लगेच रडायला आलं.

आधी सापडलं ते अकरा खाड्यांचं पान. माझ्या नावापुढे ओळीने अकरा. त्याच्या मागे दोन पानं उलटली आणि ती सही दिसली. वाकडी, एक अक्षर ओळीखाली घसरलेलं. खाली रागाने दाबलेला अंगठा, शेजारी नि. डा. हा. अं.

पावणेपाचला पान साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी भिंग काढलं. हा अंगठा जुन्या मस्टरांतल्या अंगठ्यांशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "आता सही करा." मी केली. तेच अक्षर, तसंच ओळीखाली घसरलं. साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या आणि यादीत माझं नाव घातलं.

बाहेर मुकादम गाठायला आला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, खाड्याचं पान सापडलं का वं? माझी बी लेकरं हायती." साहेबांना मी ते पान दाखवलं नव्हतं. का नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही. मी सोबतिणीचा हात धरला आणि चालू लागले. ते अकरा दिवस त्या खोलीत अजून खाडा म्हणूनच पडलेत.

पहिल्या पगारातून वाढलेलं भाडं दिलं. लेक दहावी झाली. आणि मी कित्येक वर्षांनी दुकानातून, मोजून घेतलेले, दोन किलो कांदे आणले.

तर आता लवकर ये. रविवारीच ये. तू आलीस की आपण दोघी त्या रस्त्यानेच जाऊ, कामावरच्या बायका झाडाखाली असल्या तर जरा थांबू. चहाची किटली मी घेते. तू फक्त फोन घरी ठेवून ये.