ताटलीतली सुई

एका शनिवारी दुपारी आईने मला एक वाक्य ऐकवलं. ते तिचं होतं की औषधाचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि ती ठणठणीत बरी होऊन इतकी वर्षं झाली तरी अजून कळलेलं नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कुठल्या द्रावणात काय मिसळलं आहे ते ओळखायला मुलांना शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. घरी मात्र मी त्या परीक्षेत सपशेल नापास झाले.

आम्ही मूळचे रंगारी. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलो, कापड रंगवायचं सोडलं, पण कापड काही सुटलं नाही. अप्पा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि आई विजयनगरमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. शिवणाऱ्यांच्या घरात सुईचे नियम असतात. सुई कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची, नाहीतर दोघांचं भांडण होतं. आणि एकदा दिवा लावला की सुई कुणाला द्यायचीच नाही. मी लहानपणापासून या नियमांना हसत आले आणि लहानपणापासून ते पाळतही आले.

आईच्या पोटाचं एक साधंसं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या रक्ततपासणीत निघालं की तिला हेपटायटिस सी आहे. म्हणजे सी प्रकारची कावीळ, जी वर दिसत नाही आणि आतल्या आत वर्षानुवर्षं लिव्हर खात राहते. आईचं लिव्हर बरंच कडक झालं होतं. ऑपरेशन राहिलं बाजूला. डॉक्टरांनी विचारलं, "कधी रक्त चढवलं होतं का?"

आई म्हणाली, "हौदु, एकदाच. बाळंतपणात."

तिला एकच मूल झालं आणि ते तिच्या शेजारी फाईल धरून बसलं होतं. त्या काळी दिलेल्या रक्तात हा आजार आहे का, हे कुणीच तपासत नव्हतं, तशी चाचणीच नव्हती, असं डॉक्टरांनी समजावलं. मी मान डोलावली. मग माझंही रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तो रिपोर्ट आला त्या दिवशी आईने शेवयांची खीर केली. स्वतःचा रिपोर्ट तिने विचारलाही नाही.

तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. अठ्ठेचाळीस आठवडे दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या. इंजेक्शन घरीच द्यायचं होतं, मी नर्सकडून शिकून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की झोपायच्या आधी द्या, म्हणजे त्यामागून येणारा ताप झोपेत निघून जाईल. आईने घरी येऊन निकाल दिला, "दिवा लावल्यावर सुई नाही. बेडा, नकोच." म्हणून शनिवारी दुपारी चारला द्यायचं ठरलं. औषध फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्याशेजारी एका डब्यात असायचं. आई ते अर्धा तास आधी काढून मुठीत धरून बसायची, गार टोचलं की झोंबतं म्हणून. आणि जेवायच्या वेळेला ताप भरायचा, थंडी वाजायची, हाडं दुखायची. झोपेत निघून जायचा तो ताप आम्ही तिघं जागेपणी बघत बसायचो. मी शास्त्र शिकवणारी बाई, पण एका शब्दाने वाद घातला नाही.

आई कशी होती हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोगादीहून एक बाई तिच्याकडे यायच्या, स्वतःच्या लग्नापासून. बाही घट्ट झाली म्हणून त्या तक्रार घेऊन आल्या की आई म्हणायची, "मी मापात चुकले की तुम्ही सुखात आहात, बघू या." आणि दोघी हसायच्या. आईने कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. आवाज चढवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या बाई बाही घट्ट झाली म्हणून आल्या. आईने गळ्यातली टेप काढून टेबलावर फेकली. "मग घालू नका! कुणी पाया पडलंय तुमच्या?" बाई ब्लाऊज न घेताच गेल्या. आई मशीनवर डोकं टेकून तासभर रडली आणि का रडतेय विचारलं तर माझ्यावरच खेकसली. पुढे हे रोजचं झालं. अप्पा कॉफीचा भुरका मारतात याचा तिला छत्तीस वर्षं पत्ता नव्हता, तो आता लागला. अप्पांनी आपली कॉफी घेऊन फाटकाजवळ स्कूटरशेजारी उभं राहून प्यायला सुरुवात केली. वर्षभर त्यांनी कॉफी तिथेच प्यायली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं की हे कुठेतरी निघालेत, आणि ते विचारायचे, कुठे. अप्पा म्हणायचे, "सुम्ने." उगाच.

अप्पांनी या रागाचं कारण शोधून काढलं. मला बाजूला घेऊन विचारलं, "इंजेक्शन ती तुझ्या हातात देते काय?"

"मग कुठे देणार?"

"तेच की! सुई ती. हातात घेतेस म्हणून भांडणं होतात बघ तुमची."

पुढच्या शनिवारी त्यांनी स्टीलची एक लहान ताटली आणून ठेवली. आईने मुठीत ऊब दिलेलं इंजेक्शन ताटलीत ठेवायचं आणि मी ताटलीतून उचलायचं. "अप्पा, औषधाच्या पत्रकात ताटलीचं काही लिहिलेलं नाही," असं मी म्हणाले. पत्रकात दुसरं काय लिहिलं होतं, ते मात्र मी बोलले नाही. चिडचिड, उदासी, रडू येणं, स्वभावात बदल. असं काही जाणवल्यास ताबडतोब डॉक्टरांना सांगावं. मी ते बारीक अक्षरातलं वाचलं होतं आणि पत्रक होतं तसं घडी घालून डब्यात ठेवलं होतं.

दर महिन्याला आम्ही डॉक्टरांकडे जायचो. केस गळतात, तोंडाला चव नाही, अंगाला खाज येते, जिना चढताना धाप लागते, सगळं मी पाढा म्हटल्यासारखं सांगायचे. शेवटी ते कन्नडमध्ये विचारायचे, "आणि मूड? राग येतो का, रडतात का?" आई माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "चेन्नागिद्दारे." बऱ्या आहेत. आईचा राग परक्या माणसापुढे मांडायचा म्हणजे तिची चहाडीच केल्यासारखं. आमच्या घरी मोठ्यांची खाज सांगतात, धाप सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. शिवाय औषध मध्येच बंद केलं तर, ही धास्ती होतीच. लिव्हर आणखी थांबणार नव्हतं. तीस आठवडे सोसलं, अठरा सोसू, असा हिशेब मी तिच्या वतीने करत होते.

आणि मग तो शनिवार आला. मी कॉलेजातून वेळेवर पोचले होते, चारही वाजले नव्हते. आई पलंगावर मूठ आवळून बसली होती. तिने इंजेक्शन ताटलीत ठेवलं. मी ते उचललं, तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. माझा हात थोडा हलला असेल. ती कळवळली. मी म्हणाले, "झालं गं, झालं. थोडंसंच दुखतं."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हापासून मला टोचतायत. तू झाली नसतीस तर माझं रक्त चांगलं राहिलं असतं."

आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. ओरडून म्हणाली असती तर मी ते बाकीच्या ओरडण्यात टाकलं असतं. ती अगदी पूर्वीच्या, माप सांगायच्या आवाजात म्हणाली, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी कापूस दाबून धरला, सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली, हात धुतले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मला तिचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. सुया टोचायला मी, गोळ्यांचे डबे भरायला मी, आणि जन्मले म्हणून गुन्हेगारही मीच? पण भांडणार कुणाशी? तिच्याशी भांडावं तर ती तापाने कुडकुडत होती आणि औषधाशी भांडावं तर तेच तिला वाचवत होतं.

अप्पांनी दाराबाहेरून विचारलं, "हातात घेतलीस काय सुई?"

मी आतून म्हणाले, "हो." बिचाऱ्यांना तेवढाच आधार होता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं. आईने नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. या वेळी ती जरा जास्त वेळ बघत राहिली, हे मला स्पष्ट आठवतं. मी सांगितलं असतं तर ते वाक्यही सांगावं लागलं असतं, आणि ते मला माझ्या तोंडाने म्हणवेना. म्हणाले, "चेन्नागिद्दारे."

त्यानंतर आई ओरडायची थांबली. अप्पांना वाटलं, ताटलीचा गुण आला. पण ती मशीनवर बसायचीही थांबली. कापायला आणलेलं कापड मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायची, दुपारभर. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. एकदा मला म्हणाली, "बरं होऊन तरी काय शिवायचंय?" मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं आणि पेपर तपासायला बसले. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या पेपर तपासण्याची.

एका बुधवारी कॉलेजात मला फोन आला. डॉक्टर स्वतः बोलत होते. आई त्यांच्यासमोर बसली होती. अस्तराचं कापड आणते असं अप्पांना सांगून ती बाहेर पडली, एकटी सिटी बस पकडून दवाखान्यात गेली आणि नंबर लावून बसली. मी धावतपळत पोचले. ती बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, ब्लाऊज न्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी. डॉक्टरांनी मला आत बोलावून एवढंच विचारलं, "मी दर महिन्याला विचारत होतो ना? तुम्ही का नाही सांगितलंत?"

ताटलीची गोष्ट मी त्यांना काय सांगणार होते?

या औषधाने असं होतं, खूप जणांना होतं, त्याला उपाय आहे, आणि तो आधीच करायला हवा होता, असं ते म्हणाले. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि आईला एकटं सोडू नका असं बजावलं. इंजेक्शन बंद करावं लागलं नाही. माझ्या धास्तीत तथ्य नव्हतं. दर महिन्याला मी ज्या भीतीने गप्प बसले ती भीती एका प्रश्नात फिटली असती.

आईने त्यांना काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. बसमध्ये तीच म्हणाली, "माझ्या तोंडावर माझा ताबा नाही म्हटलं. घरात कुणी सांगेना, मग काय करू? अष्टे, एवढंच." मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही.

महिन्या-दीड महिन्यात ती हळूहळू परत मशीनवर बसू लागली. अठ्ठेचाळीस आठवडे पूर्ण झाले, नंतर सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. अप्पांची कॉफी घरात आली. बोगादीच्या बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं ब्लाऊज अजून कपाटात आहे, बाही उसवून सैल केलेलं.

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका काकूंना हाच आजार निघाला. तीन महिने गोळ्या, बाकी काही नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. आई काज करत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सुईच नाही म्हणे आता."

मला वाटलं, आता विचारावं. "आई, तो एक शनिवार आठवतो? तू मला..."

"आठवतो." तिने मान वर केली नाही. दोन टाके घातले. मग म्हणाली, "त्या दिवशी मी सुई तुझ्या हातातच दिली असणार बघ. ताटलीत ठेवायला विसरले. माझंच चुकलं."

ती विसरली नव्हती. सुई ताटलीत ठेवल्याचा तो बारीकसा टणत्कार मला आजही ऐकू येतो, आणि काज करताना तिचा हात ज्या तऱ्हेने थांबला त्यावरून सांगते, तो तिलाही ऐकू येत होता.

"हो," मी म्हणाले, "विसरली होतीस."

तिने दोरा दातांनी तोडला, सुई टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. डोळ्यांना दिसत नाही, जरा ओवून दे, म्हणाली.