रिकाम्या बाकांची हजेरी

आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या कॉलेजात आजवर कितीतरी प्राध्यापक आले आणि लग्न, पाणीटंचाई, नाहीतर पुण्यातली नोकरी अशी कारणं सांगून गेले; पण समोर नसलेल्या विद्यार्थ्यांना इतकं जीव तोडून शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी इतिहास शिकवतो. म्हणजे गेलेल्या माणसांशी रोजचा संबंध खरं तर माझा. तरी त्यांच्या वर्गावरून जाताना मी पावलं जरा भराभर उचलत असे. ते भूगोलाला होते, तासिका तत्त्वावर, एका सत्रापुरते नेमलेले. सगळे त्यांना 'नवे सर' म्हणत आणि जाईपर्यंत ते नवेच राहिले.

दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी चढतात, शेळ्या चढतात आणि आमचा निम्मा वर्गही चढतो. उरलेली मुलं ऐसपैस बसतात, आम्ही अभ्यासक्रम उरकतो. नवे सर रुजू झाले ते टोळ्या निघून गेल्यावर. ते पडले कोल्हारचे, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेले. घरचा ऊस दरवर्षी कुणीतरी तोडून नेतं एवढंच त्यांना लहानपणापासून माहीत. तोडणारी माणसं कुठून येतात ते इथे आल्यावर कळलं. पहिल्याच हजेरीला निम्म्या नावांना उत्तर आलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "लांब आहेत बिचारे. आवाज पोचायला वेळ लागणारच." मुलं खो खो हसली. सरांनी मात्र त्या दिवसापासून प्रत्येक नावानंतर थांबायला सुरुवात केली. नाव घ्यायचं, डोळे मिटायचे, मान थोडी पश्चिमेला, उसाच्या फडांच्या दिशेने, कलती करायची. मग चेहरा एकदम उजळायचा. "हं, हजर," म्हणून पुढचं नाव.

गेलेल्यांपैकी कुणाचा बाक कोणता, हे त्यांनी इतर मुलांकडून विचारून घेतलं होतं. त्या बाकांवर कुणी दप्तर ठेवलेलं त्यांना चालत नसे. पंखा लावायचा तर आधी त्या बाकांवरचा. पर्जन्यछाया शिकवताना ते मधेच रिकाम्या कोपऱ्याकडे बोट करून विचारत, "ढग डोंगरापलीकडे का येत नाहीत? तू सांग." मग शांतता. पाल चुकचुकली तरी ऐकू येईल अशी. "बरोबर," सर म्हणत, "पण जरा मोठ्याने." हळूहळू मुलांचं हसणं थांबलं. त्या बाकांमधून जाताना ती अंग चोरून जाऊ लागली. आमचे शिपाईमामा तर वर्ग झाडायचेच बंद झाले. मला म्हणाले, "सर, मी काय भीत न्हाई. पर बसलेल्या मानसाच्या पायाखालून केरसुनी कशी घालायची?"

हा काय प्रकार आहे तो एकदा पाहावा म्हणून मी त्यांच्या तासाला जाऊन बसलो. तिसरा बाक मोकळा दिसला, टेकलो. नवे सर फळ्यापासून वळले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "सर, जरा सरकून बसता का? तिथे कावेरी आहे." मी अजून पस्तिशीचा असतो तर चार शब्द सुनावले असते. पण त्या अदबीपुढे मी निमूट सरकलो. सरकताना हात फळीवर टेकला तर फळी कोमट होती. खिडकीतून ऊन येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. ती खिडकी उत्तरेला आहे.

कावेरीवर त्यांचा विशेष लोभ होता. तिला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी स्टाफरूममध्ये तिचं कौतुक चाले. "पोरीचा आवाज काय खणखणीत आहे!" आम्ही चहाच्या कपात बघत बसायचो. मग फेब्रुवारीत एके दिवशी ते वर्गातून पांढरे पडून बाहेर आले. कावेरीचं नाव घेतलं, खूप वेळ थांबले, पण उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांनी तिला गैरहजर लावलं. त्या वर्गातल्या कुणालाही त्यांनी लावलेला तो पहिला खाडा. पुढे रोज लागत गेला.

सत्र संपलं तशी प्राचार्यांनी बैठक बोलावली. ज्याने त्याने सत्राबद्दल चार शब्द बोलायचे आणि मग चहा, अशी आमची रीत. कुणी महाबळेश्वराला निघालं होतं, कुणी लेकीकडे. नवे सर उभे राहून म्हणाले, "माझं पहिलंच सत्र. वर्ग फार शांत मिळाला." एवढ्यावर सगळे हसले, पण त्यांचं पुढे चालूच. "उन्हाळ्यात टोळ्या परततील, तेव्हा वस्तीवस्तीवर जाऊन राहिलेला भाग शिकवणार आहे. फक्त एका मुलीची काळजी वाटते."

काळजी प्राचार्यांनाही होती. ऊसतोडीच्या मोसमात आमच्याकडे सगळेच हजर असतात, ही जुनी पद्धत. नाहीतर पोरांची वर्षंच्या वर्षं वाया जातील. फरक इतकाच की आम्ही डोळे मिटून हजेरी लावायचो आणि नवे सर डोळे मिटून ऐकायचे. आता कावेरी एकटीच हजेरीत कमी पडत होती. प्राचार्य अक्षरशः काकुळतीला आले. "अहो, लावून टाका ना तिची! परीक्षेला बसता येणार नाही तिला." सर म्हणाले, "ऐकू आलं नाही, तर कशी लावू?" असा माणूस. सगळ्या वर्गाची नसलेली हजेरी बिनदिक्कत लावली आणि एका पोरीपाशी सत्य आडवं आलं.

टोळ्या परतल्याचं कळलं तसे ते मला बरोबर घेऊन कावेरीच्या वस्तीवर निघाले. भरदुपारी जीपमधून उतरलो. तिची आई दारात तुरीच्या काड्या मोडत होती. सरांनी नाव सांगितलं, तेव्हा तिने आधी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुमीच व्हय ते?" ती म्हणाली. "फडावर रोज सकाळच्याला पोरगी मधीच कोयता खाली ठिवायची, ताठ उभी राहायची आन् 'हजर सर' म्हनायची. बाया म्हनायच्या, हिला बाहेरचं लागलंय. मुकादम बी भ्याला."

ऊन मी म्हणत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. सरांनी विचारलं, "आणि मग?"

"मग काय? फडावरच लगीन उरकलं. जावयाला तोडीला जोडीचं मानूस पायजे हुतं. त्यांच्या टोळीत गेली. पुस्तकं तेवढी संगं नेली तिनं. परीक्षेला येते म्हनून निरोप हाय."

 दुसऱ्या दिवशी सर प्राचार्यांसमोर उभं राहून म्हणाले, "एकतर सगळा वर्ग गैरहजर धरा, नाहीतर तिलाही हजर धरा. वर्गात उत्तर खरोखर दिलं असेल, तर ते तिनेच." प्राचार्यांना यातलं काहीच कळलं नाही, पण त्यांना सहीच हवी होती. सरांनी ती करून दिली.

पहिल्या पेपरला ती नवऱ्याच्या मोटरसायकलवरून आली. हिरव्या चुड्याचे हात, आणि बोटांवर पाचटाने कापलेल्या खुणा. सरांनी व्हरांड्यातून चाचरत हाक मारली, "कावेरी?" ती गर्रकन वळली.

"सर, तुमीच ना? आवाजावरून वळखलं."

त्यावर दुसरा कुणी घाबरला असता. नवे सर ओशाळले. "मधे तू बोलायची थांबलीस गं. मी तुला गैरहजर लावत गेलो."

"न्हाई, सर. रोज म्हनत हुते," ती म्हणाली. "पर मनातल्या मनात. सासूबाई शेजारीच मोळ्या बांधायच्या. नव्या सुनंनं मोठ्यानं बोललेलं चालत न्हाई."

घंटा झाली. ती आत गेली.  सर चष्मा पुसत मला म्हणाले, "म्हणजे कान माझेच कमी पडले."

त्यांच्या नेमणुकीचा कागद पुढच्या सत्राला आला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. हल्ली ते कुठे असतात ते मला ठाऊक नाही. जिथे असतील तिथे मुलांना फार छळत असतील, आणि मला त्या मुलांचा हेवा वाटतो.